चौथीचा मूकपट: मोबाइलवर लघुपट करता करता वाचन-लेखन

“मुलगी शोधते.”

चौथीतल्या एका मुलानं लिहिलेलं हे अख्खं दृश्य. तो कागद एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात घेऊन एक मुलगी उभी होती. करायचं काय, ते तिला कळेना.

“कुठं शोधते?”
“अगं, वर्गात.”
“वर्गात कुठं? हे इथं लिहिलंच नाही.”

तो चिडला. कागद ओढून घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला आणि पाच मिनिटांनी परत आला. आता कागदावर होतं: “मुलगी बस्करपट्टी उचलून बघते. मग दप्तर उलटं करते. दप्तरातून चिंचोके पडतात.” चिंचोके मूळ गोष्टीत नव्हते. याच मुलाच्या वहीत मी वर्षभर लाल शाईनं ‘सविस्तर लिही’ असं लिहीत आलो होतो.

वर्गातला निबंध तपासला जातो, वाचला जात नाही. मुलांना ते पक्कं ठाऊक असतं. लघुपटाचा कागद मात्र वर्गातलंच दुसरं मूल वाचतं आणि त्याबरहुकूम काम करतं. वाक्य अपुरं असेल तर काम अडतं. म्हणून माझ्या वर्गात या उपक्रमाचा एकच कडक नियम आहे: कागदावर नाही ते मोबाइलमध्ये घ्यायचं नाही, आणि शिक्षकानं तोंडी समजावून सांगायचं नाही. दुसरा अर्धा भाग पाळणं फार जड जातं. जिभेवर आलेलं गिळावं लागतं.

पुढची पद्धत तिसरी ते पाचवीसाठी आहे. लागतं काय, तर एक साधा स्मार्टफोन, पाट्या, खडू आणि पाठकोरे कागद. इंटरनेट नसलं तरी चालतं. मराठीचे रोजचे तास वापरले तर दोन छोटे लघुपट साधारण तीन आठवड्यांत होतात.

आधी ठरवा: भाषेतलं काय शिकवायचंय

लघुपट म्हटलं की सगळं एकदम शिकवायचा मोह होतो. तो टाळा. तिसरीला ‘पूर्ण वाक्य’, चौथीला ‘क्रम दाखवणारे शब्द’ (आधी, मग, तेवढ्यात, शेवटी) आणि पाचवीला ‘संवाद आणि विरामचिन्हं’ असं एकेकच ध्येय घ्या, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि पुसू नका. मूल्यमापनही तेवढ्याचंच. बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्यायच्या.

पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झाल्यापासून तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे लक्ष्य आपल्यासमोर आहे. घड्याळ लावून वाचायला बसवलं की अडखळणारी मुलं अजूनच अडखळतात. तेच मूल स्वतःच्या तोंडचं वाक्य पाठ व्हावं म्हणून वीस वेळा वाचतं आणि कंटाळत नाही. ओघ यायला हे परत परत वाचणंच लागतं.

पहिले दोन तास: फक्त बघायचं

चित्रपटाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा १८९५ चा माळ्याचा चित्रपट मी दरवर्षी दाखवतो. मिनिटसुद्धा पुरता भरत नाही, कॅमेरा एका जागी उभा, एकही शब्द नाही. माळी झाडांना पाणी घालतोय. एक पोरगं मागून येऊन नळीवर पाय ठेवतं. पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो. पोरगं पाय काढतं. पुढचं वर्ग ओरडून सांगतो.

तीनदा दाखवा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा प्रत्येक मुलाच्या वहीत दोन रकाने आखून घ्या: ‘काय दिसलं’ आणि ‘त्यावरून काय वाटलं’. ‘माळी नळीत बघतो’ हे दिसलं. ‘पाणी का थांबलं ते त्याला कळत नाही’ हे वाटलं. हा फरक वाचनाच्या आकलनाचा गाभा आहे. धड्याखालच्या ‘का ते सांगा’ अशा प्रश्नांवर जी मुलं गप्प बसतात, ती इथं भराभर बोलतात. तिसऱ्यांदा बघताना क्रियापदं गोळा करायची: येतो, ठेवतो, थांबतं, डोकावतो, उडतं, पळतो, पकडतो. फळ्यावर बारा-पंधरा तरी जमतात. ही यादी पुढं पटकथेला कामाला येते, म्हणून कागदावर उतरवून भिंतीला चिकटवा.

पहिला लघुपट: मटकी

त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. ‘राजा हरिश्चंद्र’ करायच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढताना एकेक चित्र टिपून छोटा चित्रपट केला. पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी तो त्यांना उपयोगी पडला. पुढं ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तोही मूकच. मधे मधे मजकुराच्या पाट्या येत आणि प्रेक्षक त्या वाचत.

वाटाण्याच्या जागी आपण मटकी घेऊ. नवशिक्या वाचकाला मूकपटाइतकं सोयीचं काही नाही. आवाजाची भानगड नाही, अभिनयाची लाज नाही, आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य पडद्यावर एकटं, मोठ्या अक्षरात येतं.

काचेच्या ग्लासात आतून ओला कापूस लावा आणि रात्रभर भिजवलेले मटकीचे चार दाणे काच आणि कापूस यांच्यामध्ये सरकवा. कापूस ओलसर हवा, चिंब नको. चिंब झाला की दाणे कुजतात आणि वर्गभर वास सुटतो. ग्लासाच्या बुडाभोवती खडूनं गोल काढा. मोबाइल ठेवायला दोन विटा, त्यांच्याभोवतीही खडूची चौकट. मोबाइल दर वेळी अगदी त्याच चौकटीत बसला पाहिजे, नाहीतर लघुपटात मटकी नाचते. फोटो रोज चार: परिपाठानंतर, छोट्या सुट्टीत, मोठ्या सुट्टीत आणि सुटताना. जागा खिडकीपासून लांब ठेवा, उन्हाची तिरीप फिरली की चित्र लुकलुकतं.

आम्ही गुरुवारी सुरू केलं. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून त्या दिवशी दोनच फोटो. पुढच्या बुधवारपर्यंत २२ झाले. एक फोटो पाव सेकंद दाखवला तर लघुपट किती वेळाचा? साडेपाच सेकंदांचा. मुलं हिरमुसली. मग पाट्या घालून तो वाढवायचा ठरला, आणि मला तेच हवं होतं.

पाट्या म्हणजे खरोखरच्या पाट्या. दगडी पाटी ओल्या फडक्यानं पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, खडूला टोक करून लिहायचं आणि समोरून फोटो घ्यायचा. चमक येत असेल तर पाटी किंचित पुढं कलती करा. मोबाइलवर टंकलेखन करून पाटी बनवता येते, पण मोबाइल शब्द सुचवतो आणि वेलांटी स्वतःच दुरुस्त करतो. आपल्याला ती वेलांटी मुलाच्या हातून यायला हवी आहे.

नियम दोन. पाटीवर आठपेक्षा जास्त शब्द नकोत. आणि चित्रात दिसतं ते पाटीवर लिहायचं नाही. दुसऱ्या नियमावर आमचा अख्खा तास गेला. ‘मटकीला मोड आले’ अशी पाटी एका गटानं केली होती. दुसऱ्या गटानं हरकत घेतली, “ते तर दिसतंय की!” मग चित्रात काय दिसत नाही, याचा शोध सुरू झाला. कापसाचा वास दिसत नाही. वाट बघणं दिसत नाही. रविवारी शाळा बंद होती आणि सोमवारी मटकी एकदम उंच झालेली होती. त्या जागी एका मुलीनं पाटी केली: ‘रविवारी मटकी एकटीच होती.’ मी काही बोललो नाही. वर्गच दोन मिनिटं शांत होता.

पाटी पडद्यावर किती वेळ ठेवायची, याचा अंदाज सोपा आहे. वर्गात सर्वांत सावकाश वाचणाऱ्या मुलाला ती दोनदा मोठ्यानं वाचायला सांगा आणि सेकंद मोजा. त्या मुलाच्या वाचनावर लघुपटाची गती ठरते, हे त्यालाही कळतं. एरवी त्याच्या सावकाश वाचण्याचा वर्गाला काही उपयोग होत नसतो.

दुसरा लघुपट: गोष्ट

आता संवाद आणि माणसं. लांबी दीड-दोन मिनिटं, त्यापुढं नाही. पात्रं जास्तीत जास्त तीन. जागा शाळेच्या आवारातली.

गोष्ट एका वाक्यात लिहून घ्या: कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतं. चार गट असतील तर चार वाक्यं फळ्यावर येतील आणि त्यात एक तरी भुताचं असेल. आमच्या वर्गानं निवडलं ते असं: ‘एका मुलीला चित्र काढायचं आहे, पण तिची पेन्सिल सापडत नाही.’ पेन्सिल तिच्याच वेणीत खोवलेली असते.

पटकथेचं व्याकरण मुलांना लगेच जमत नाही. इथं वाक्य वर्तमानकाळात लिहायचं आणि दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच लिहायचं. ‘तिला वाईट वाटतं’ याचं चित्रण कसं करणार? एक-दोघं लगेच रडून दाखवतात. मग विचारायचं, रडायचं नाही असं ठरवलं तर? उत्तरं येतात: ती कोरा कागद घडी घालून ठेवते. ती दुसऱ्यांची चित्रं बघत बसते. हे सगळं लिहून घ्या. पुढं निबंधात ‘मला खूप आनंद झाला’ या ठरावीक वाक्यावर हाच उपाय चालतो.

मग चित्रकागद. पाठकोऱ्या कागदाची आधी उभी घडी, मग आडवी तीन भागांत, की सहा चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात काड्यांची माणसं, खाली एक वाक्य, आणि कोपऱ्यात लां, म किंवा ज: लांबून, मधून, जवळून. लांबून घेतलं की कुठं ते कळतं, मधून घेतलं की काय चाललंय ते, आणि जवळून घेतलं की चेहऱ्यावरचं. चौकोन अक्षरशः कात्रीनं कापून सुटे करा आणि बस्करपट्टीवर मांडा.

आता खरी गंमत. वेणीतल्या पेन्सिलचा चौकोन कुठं ठेवायचा? सगळ्यात शेवटी ठेवला तर प्रेक्षक मुलीबरोबर शोधत राहतो आणि शेवटी दचकतो. सुरुवातीलाच ठेवला तर प्रेक्षकाला माहीत, तिला नाही, आणि तो पहिल्यापासून हसत राहतो. आमच्याकडे यावर भांडण झालं. मी दोन्ही गटांना आपापला क्रम लावून गोष्ट लिहून आणायला सांगितली. चौकोन तेच, पण वाक्यं बदलली. शेवटी पेन्सिल दाखवणाऱ्यांना ‘तेवढ्यात’ लागला, आधी दाखवणाऱ्यांना ‘पण तिला मात्र’. पुस्तकातली उभयान्वयी अव्ययं शिकवताना अशी गरज मला कधी निर्माण करता आली नव्हती. या टप्प्याला घाई करू नका. तीन तास गेले तरी जाऊ द्या.

बोली: संवाद कोणत्या मराठीत?

माझी शाळा वऱ्हाडातली. पहिल्या वर्षी मुलांनी संवाद लिहिला: “तू का रडतेस गं?” कागदावर छान दिसला. चित्रण करताना मात्र पोरगी तो धड्यासारखा वाचायला लागली. मी कागद बाजूला ठेवून म्हटलं, तू खरंच विचारशील तसं विचार. ती म्हणाली, “काऊन रडून रायली वं?” सगळा वर्ग जिवंत झाला.

तेव्हापासून आमचा ठराव असा: पात्रं आपल्या बोलीत बोलतील, पाट्या प्रमाण मराठीत येतील. बोली कागदावर लिहायची म्हणजे मुलांना प्रत्येक आवाज कान देऊन ऐकावा लागतो. ‘रायली’ लिहायचं की ‘राह्यली’? मधे ह ऐकू येतो का? तोंडासमोर हात धरून श्वास लागतो का बघा. छापील नमुना नसल्यामुळं नक्कल करता येत नाही आणि उच्चार व अक्षर यांचं नातं मुलं स्वतः जुळवतात. मालवणी, अहिराणी, कोकणी, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात याचं मोल अजून वाढतं. घरची भाषा लिहिण्याजोगी आहे, हे त्यांना शाळेत क्वचितच कोणी दाखवतं.

संपादन करताना त्या संवादांखाली तेच शब्द अक्षरांत द्या. बोललेलं आणि लिहिलेलं एकाच वेळी समोर आलं की डोळे आपोआप वाचतात. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याच कल्पनेचा पाठपुरावा केला आणि दूरदर्शनवर चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दिसू लागले.

कामं वाटताना एक चूक

ती मी केली आहे, म्हणून सांगतो. चांगलं लिहिणारी मुलं लेखक झाली आणि वाचनात मागं असलेली ‘कलाकार’. सगळे खूश. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की ज्यांना लिहायची गरज होती त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती.

आता गट सहाचा असतो आणि कामं रोज फिरतात: लेखक, वाचक, मोबाइलवाला, पाटीवाला, नट आणि हिशेबनीस. वाचक प्रत्येक शॉटआधी, म्हणजे एका दमात घ्यायच्या चित्रणाआधी, कागद मोठ्यानं वाचतो. पाटीवाला ‘दृश्य २, शॉट ३, टेक १’ असं लिहून मोबाइलसमोर धरतो (टेक म्हणजे त्याच शॉटचा कितवा प्रयत्न). हिशेबनीस टिपणं ठेवतो: दप्तर उजव्या खांद्यावर, वेणी पुढं, खिडकी उघडी. हे काम लिहायला घाबरणाऱ्या मुलाला आधी द्या. दोन-तीन शब्दांची टिपणं असतात आणि ती चुकली की लघुपटात वेणी उडी मारून मागं जाते. एरवी वर्गात कोणी विचारत नाही अशा मुलाला दिवसभर सगळे विचारत येतात, “वेणी कुठं होती रे?”

चित्रण, थोडक्यात

मोबाइल आडवा धरायचा. फ्लाइट मोड लावायचा, नाहीतर नेमक्या वेळी केंद्रप्रमुखांचा फोन येतो. भिंग रुमालानं पुसायचं. ऊन मोबाइल धरणाऱ्याच्या पाठीमागं हवं. कोपर गुडघ्यावर किंवा भिंतीला टेकवलं की हात हलत नाही. सुरू केल्यावर मनात तीन मोजून मग ‘चला’ म्हणायचं, आणि संपल्यावरही तीन मोजायचे. संपादनाला तेवढी मोकळी जागा लागतेच. शॉट दहा सेकंदांपेक्षा मोठा नको, टेक तीनपेक्षा जास्त नकोत.

आवाज चित्रापेक्षा जास्त दगा देतो. पंखा बंद करा. बोलणाऱ्यापासून मोबाइल हातभर अंतरावर ठेवा. लांबून घ्यायचं असेल तर त्या शॉटमध्ये संवादच नको. दुसरा फोन मिळाला तर तो ध्वनिमुद्रणाला लावून नटाच्या खिशात ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. टाळीवरून चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. १०८० पी या स्पष्टतेवर एक मिनिटाचं चित्रण साधारण १०० ते १३० एमबी जागा खातं, म्हणून आदल्या दिवशी फोन रिकामा करा.

संपादन आधी कागदावर. हिशेबनीसाच्या वहीतून कोणता टेक घ्यायचा ते मुलं वाचून ठरवतात आणि क्रम लिहितात. मग कुठलंही फुकट संपादन ॲप चालेल. चार-पाच मुलं एकेक करून जोडतील, तुम्ही नुसते शेजारी बसा. ॲपमधली दोन शॉट जोडणारी चमकणारी संक्रमणं आणि उसनं संगीत मी बंदच ठेवतो. मुलांना ती प्रचंड आवडतात आणि त्यातच दोन तास जातात.

परवानगी आणि प्रयोग

चित्रणाआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलेलं आहे, आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा नसता तरी घ्यायला हवी होती. पत्राचा मसुदा मुलांकडूनच लिहून घ्या: आम्ही काय करणार, कुठं दाखवणार, कुठं टाकणार नाही. पाठ्यक्रमातलं औपचारिक पत्रलेखन एकदाचं खऱ्या माणसाला जातं. लघुपट समाजमाध्यमांवर टाकू नका, शिक्षकांच्या स्टेटसलाही नको. एखाद्या पालकानं नकार दिला तर त्या मुलाला पडद्यामागची कामं द्या आणि कारण वर्गात विचारू नका.

दाखवायचं मात्र गाजावाजा करून. भित्तिपत्रकं, निमंत्रणं, शेवटी येणारी नामावळी हे सगळं लिखाण मुलांचं. नामावळीत नाव चुकलं तर घरी जाऊन भांडण होतं, म्हणून ती चारदा तपासली जाते. खिडक्यांना चादरी लावल्या की खोलीत पुरेसा अंधार होतो. पाट्या येतील तेव्हा कोणीही मोठ्यानं वाचायचं नाही असं ठरलं होतं, पण एक आजी नातीला हळूच विचारत होत्या, “काय लिवलं हाये?” आणि नात कानात वाचून दाखवत होती. तिला कोणी गप्प केलं नाही.

गुण कशाला द्यायचे

लघुपटाला नाही. लघुपट हलला, आवाज फाटला, शेवट कळला नाही तरी चालेल. प्रत्येक मुलाचा पहिला कागद आणि शेवटचा कागद टाचणीनं एकत्र लावा, फळ्याच्या कोपऱ्यातलं ते एक ध्येय समोर ठेवा आणि दोन्ही शेजारी शेजारी वाचा. पालकसभेत हेच कागद दाखवा.

पहिली-दुसरीच्या वर्गात पटकथा नको. चार फोटो, चार पाट्या, एका पाटीवर एक किंवा दोन शब्द: ‘बी.’ ‘पाणी.’ ‘मोड.’ ‘पान!’ त्या उद्गारचिन्हावर मात्र चर्चा करा.

‘मुलगी शोधते’ लिहिणाऱ्या मुलानं पुढच्या सत्रात शेळीवर लघुपट लिहिला. पहिलं वाक्य होतं: “शेळी कुंपणाच्या तारेतून मान घालून शाळेच्या बागेतली मेथी खाते.” मोबाइल या वेळी दुसऱ्या मुलाकडे होता. त्यानं वाचलं, मान हलवली आणि विचारलं, “कुंपणाच्या आतून घेऊ का भायेरून?”